हारितीच्या मांडीवरचं मूल

"सुट्टे द्या. नाहीतर बोर्डावरचा क्यूआर स्कॅन करा. नेटवर्क येत नसेल तर तिकडं झाडाखाली जाऊन बघा. चला, पुढचे या."

खिडकीच्या आतला माणूस हे सगळं मान वर न करता बोलला. बाहेर आमच्या मावशीच्या बचत गटातल्या बायका रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या बटव्यात आपापल्या तिकिटाचे पैसे मोजून ठेवलेले. साध्या संरक्षित स्मारकाला भारतीयांना 25 रुपये पडतात, अजिंठा-वेरूळसारखं जागतिक वारसा स्थळ असेल तर 40. बायकांना दर माहीत होते, कारण निघायच्या आधी गटाच्या बैठकीत सगळा हिशेब झाला होता. माहीत नव्हतं ते एवढंच, की रोख पैसे पुढं केले तर समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. शेवटी मी माझ्या फोनवरून सगळ्यांची तिकिटं काढली. मग त्या एकेक करून माझ्या हातात पैसे ठेवत राहिल्या. फाटकाशी गर्दी झाली म्हणून तिथला सिक्युरिटीवाला ओरडला, "ए बायांनो, रस्ता सोडा की!"

लेण्याचं नाव मी लिहीत नाही. असं तिथंच होतं असंही नाही. तुम्ही एखाद्या लेण्यात, गडावर, संग्रहालयात गेला असाल आणि सोबत गावाकडची माणसं असतील, तर हा आवाज तुमच्या ओळखीचा असणार.

मावशीची जन्मभर अंगणवाडीत नोकरी झाली. दुसऱ्यांची लेकरं मांडीवर घेऊन तिची हयात गेली. लेण्यात एका बाजूच्या दालनात हारितीची, म्हणजे बौद्ध कथांमधल्या यक्षिणीची, मूर्ती आहे. भरदार अंगाची, ऐसपैस बसलेली, मांडीवर मूल. मूर्तीचं नाक झिजलंय, पण मुलाची पोटरी अजून गुबगुबीत दिसते. बाकीच्या बायका पुढं गेल्या, मावशी तिथंच थांबली. थोडा वेळ नुसती बघत राहिली आणि मग लेकराच्या पायाला बोट लावावं तसं तिनं त्या दगडी पायाला बोट लावलं.

कानठळ्या बसतील अशी शिट्टी वाजली. त्या बंद दगडी खोलीत ती चहूबाजूंनी अंगावर आली.

"ए बाई! हात काढ! वाचता येत नाही का? बाहेर बोर्ड लावलाय एवढा मोठा!"

मावशीला वाचता येतं. हजेरीची, वजनाची, लसीकरणाची रजिस्टरं तिनं वर्षानुवर्षं लिहिली आहेत. ती चटकन मागं सरली, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "चुकलं हो दादा." शिट्टी वाजवणारा सिक्युरिटीवाला काही न बोलता पुढं गेला. मी बोलायला निघाले तर तिनं माझं मनगट धरलं. "कशाला गं बोलतीस. त्याचं कामच हाय ते."

नंतर ती ओसरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. अजून बरीच लेणी बघायची राहिली होती. चल म्हटलं तर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. तुम्ही बघून या, मी बसते हितंच."

हे वाक्य मला अजून सुटत नाही. घडीभरापूर्वी त्या मूर्तीतलं जे कळायचं ते तिला कळलं होतं. कुणी न सांगता, पाटी न वाचता, दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला दाखवायचं होतं नेमकं तेच तिनं पाहिलं होतं. आणि एका शिट्टीनं तिला पटवून दिलं की हे आपलं काम नव्हे.

थोड्या वेळानं तिथंच कुणीतरी मोठे पाहुणे आले. सोबत दोन-तीन कर्मचारी, पाण्याच्या बाटल्या, छत्री. त्यातल्या एकानं फोटोसाठी मूर्तीच्या चौथऱ्यावर बूट टेकवला. शिट्टीवाला तोच होता. या वेळी तो हलक्या आवाजात म्हणाला, "सर, जरा... प्लीज." सरांनी फोटो काढून झाल्यावर पाय खाली घेतला.

मला राग आला तो या फरकाचा. नियम दोघांना एकच होता आणि तो मोडण्यात बुटाचा वाटा बोटापेक्षा मोठा होता.

नियमाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. माणसाच्या हाताला घाम असतो, तेल असतं. एका हातानं काही होत नाही, पण रोज शेकडो हात लागले की दगड काळपट, तुळतुळीत होतो आणि कोरीव रेषा हळूहळू मिटत जाते. आपल्या लेण्यांमध्ये स्त्रीमूर्तींची अंगं कुठं कुठं चकाकताना दिसतात ती याच हातांनी, आणि ते बघून मान खाली जाते. रंगचित्रांचं तर आणखी नाजूक. अजिंठ्याला बेसॉल्टच्या भिंतीवर मातीचा गिलावा आहे. त्यात भाताचा तूस, गवताचे-वनस्पतींचे धागे कालवलेले. त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्या सुक्या थरावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. इतक्या कच्च्या पायावरची ही चित्रं आपल्यापर्यंत पोचली हाच चमत्कार आहे. गर्दीच्या श्वासातला दमटपणा, पायांबरोबर येणारी धूळ, एखाद्याचा भिंतीला लागलेला खांदा, या प्रत्येकानं तिथं नुकसान होतं. म्हणून आत जाताना चपला बाहेर, फ्लॅश बंद आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं. हे सगळं असायलाच हवं. आणखी कडक झालं तरी माझी ना नाही.

पण येणारा माणूस कुठून येतो हेही बघायला नको का? वेरूळला सहलीची बस येते ती बहुतेक वेळा घृष्णेश्वर करून. तिथं पुरुष सदरा काढून गाभाऱ्यात उतरतात, बाया पदर सावरून बसतात, पिंडीला हात लावतात, पाणी घालतात, कपाळ टेकवतात. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या त्या देवळात हात लावणं हीच भक्ती. तिथून हाकेच्या अंतरावर सोळा नंबरचं कैलास लेणं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत नेऊन घडवलेलं. तेही शंकराचंच. गाभाऱ्यात पिंड तिथंही आहे. अर्ध्या तासापूर्वी ज्या हातानं पुण्य मिळवलं, तोच हात आता आवरायचा आहे हे त्या माणसाला कुणी सांगितलंय? एक स्थान पूजेतलं, दुसरं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं, हा भेद कागदावरचा आहे. शेतकऱ्याच्या डोळ्यांना तो दिसायचा कसा? तो समजावून सांगणं हे राखणदाराचं पहिलं काम आहे, आणि नेमकं तेच काम कुणाकडं सोपवलेलं नाही.

सांगितलं तर माणसं ऐकतात, हे मी अजिंठ्यालाच पाहिलंय. पहिल्या लेण्यात, पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर. जिल्हा परिषदेच्या शाळेची सहल आत आली होती. अंधारात पोरांचा गलका चाललेला, गुरुजींचं कुणी ऐकत नव्हतं. तिथला परिचर उतारवयाचा होता. तो पोरांच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "पोरांनो, या चित्राला आपल्या श्वासाचा त्रास होतो. जरा हळू घ्या." गलका जागच्या जागी थांबला. काही पोरांनी तर तोंडावर हात धरले. एकानं श्वास इतका कोंडून धरला की गुरुजींना त्याच्या पाठीवर थाप मारावी लागली. मग परिचरानं लांबून, तिरप्या उजेडात पद्मपाणीच्या हातातलं कमळ दाखवलं, मुकुट दाखवला, खाली वळलेल्या पापण्या दाखवल्या. बाहेर पडताना त्या पोरांपैकी कुणी भिंतीला टेकलं नाही. एकाला दुसरा सांगत होता, "ए, लांबून, लांबून."

त्या माणसानं काही व्याख्यान दिलं नव्हतं. नियमाबरोबर कारण सांगितलं, एवढंच.

अजिंठ्याच्याच पुढच्या, दोन नंबरच्या लेण्यात हारिती आणि तिचा नवरा पांचिक शेजारी शेजारी बसलेले आहेत. हारितीची गोष्ट बौद्ध ग्रंथांत येते. ती यक्षिणी, स्वतःला पाचशे पोरं, आणि गावातली लेकरं उचलून खायची. बुद्धांनी तिचं सगळ्यात धाकटं पोर आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेड्यासारखी शोधत फिरली आणि शेवटी त्यांच्याकडंच आली. बुद्ध म्हणाले, पाचशेतलं एक हरवलं तर तुझी ही गत, मग ज्यांना एकुलतं एकच होतं त्यांचं काय झालं असेल? त्या दिवसापासून हारिती लेकरांची राखणदार झाली. अजिंठ्याच्या त्या शिल्पात खालच्या पट्टीवर एक शाळा कोरली आहे. पंतोजींच्या हातात छडी आहे. पुढची पोरं धड्यात मान घालून बसलीत आणि मागच्या पोरांचं भलतंच काही चाललंय. तिथं उभं राहिलेल्या प्रत्येक माणसाला आपली शाळा आठवते. मावशीला मी हे सगळं सांगणार होते. पण त्या दिवशी ती पायऱ्यांवरच बसून राहिली होती.

त्या दिवशी संध्याकाळी टेम्पो सुटायला वेळ होता. बाहेरच्या टपरीवर तोच शिट्टीवाला सिक्युरिटीवाला चहा प्यायला आला. टोपी काढल्यावर कळलं, तिशीही गाठली नसेल. मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसले आणि सरळ विचारलं, "दुपारी त्या मावशींना असं का बोललात?"

त्याला आठवेना. दिवसभरात किती जणांना तो तसं बोलला असेल. मग म्हणाला, "मॅडम, घसा बसतो ओरडून. नीट सांगितलं तर कुणी ऐकत नाही. मागच्या महिन्यात कुणीतरी खांबावर खिळ्यानं नाव कोरून गेलं. तो पळाला, बोलणी मी खाल्ली. पगार एजन्सी देते, तोही वेळेवर नाही. बसायला खुर्ची दिली होती, ती साहेबांनी उचलायला लावली. म्हणे, बसलेले दिसता."

हेही खरं होतं. बदाम आणि बाणासकट नाव कोरून जाणारी माणसं आपल्यातलीच आहेत. गडांच्या तटांवर, लेण्यांच्या खांबांवर, गुटख्याच्या पिचकाऱ्यांच्या शेजारी ती नावं वाचता येतात. ही खोड जुनी आहे. 1819 साली शिकारीला निघालेला जॉन स्मिथ हा मद्रासच्या फौजेतला इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला आणि चित्रावरच आपलं नाव आणि तारीख खरडून गेला. तेव्हा आत मातीचा ढीग साचलेला होता, त्यावर तो उभा होता. म्हणून आज ते नाव माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतं. दिवसभर असली माणसं हेरत उभं राहायचं आणि त्यातला कोण खिळा काढणार हे ओळखायचं, ही नोकरी सोपी नाही. समोर येणारा प्रत्येक जण संशयित दिसायला लागला तर त्यात त्या पोराचा एकट्याचा दोष कसा म्हणायचा?

बोलता बोलता कळलं, तो त्याच गावचा. लहानपणी त्याच्या घरची गुरं लेण्याच्या आवारातच चरायची, पावसात पोरं लेण्यातच शिरायची. मग कुंपण आलं. त्याचं घर शंभर मीटरच्या आत येतं. 1958 च्या स्मारक कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. "भावाचं लग्न झालं, वर एक खोली काढायची होती. नाही काढता आली," तो म्हणाला. ज्या वास्तूपायी घराला खोली चढवता आली नाही, तिच्याच राखणीला तो एजन्सीचा गणवेश घालून उभा होता.

उठता उठता त्यानं विचारलं, "मॅडम, ती बाई कोण हो? मांडीवर पोरगं असलेली? मी रोज तिच्यासमोर असतो. लोक विचारतात, मी देवी म्हणून सांगतो."

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ना खात्यानं, ना एजन्सीनं. मी हारितीची गोष्ट सांगितली. चहा गार होईपर्यंत तो ऐकत राहिला. भिक्षापात्राखाली पोर लपवल्याचं ऐकून एकदम हसला. म्हणाला, "म्हणजे हिलाच धडा शिकवला." मग थोडं थांबून, "त्या मावशी तुमच्यातल्या होत्या का?" मी हो म्हटलं. तो टेम्पोपर्यंत आला आणि खिडकीशी उभा राहून मावशीला म्हणाला, "आज्जी, राग मानू नका." मावशीनं पिशवीतला लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. तिच्याकडून तो विषय तिथं मिटला.

माझ्याकडून मिटला नाही. त्या मुलानं माफी मागितली हा त्याचा चांगुलपणा, पण व्यवस्था चांगुलपणावर कशी सोडायची? त्याच स्मारक कायद्यानं स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे खऱ्या गुन्हेगारासाठी हत्यार आहे. ते क्वचित बाहेर निघतं आणि रोजच्या वापराला मात्र अरेरावी असते. ती पोचते कुणापर्यंत? जो उलट बोलणार नाही त्याच्यापर्यंत. नऊवारीतली बाई, धोतर-टोपीतला म्हातारा, खांद्यावर पोर घेतलेला मजूर. खिळेवाल्याला शिट्टी ऐकू येईपर्यंत तो पसार झालेला असतो.

घरी आल्यावर मी केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर सविस्तर लिहिलं. त्या मुलाचं वर्णन मुद्दाम टाळलं. मागणी तीनच गोष्टींची केली. दारावरच्या सगळ्यांना, कंत्राटी असले तरी, त्या स्मारकाची तोंडओळख करून द्या. सूचनांची पाटी मराठीत लावा आणि प्रत्येक मनाईपुढं एका ओळीत कारण लिहा. आणि राखणदाराला बसायला जागा द्या. काही आठवड्यांनी उत्तर आलं. "संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे." पाट्यांबद्दल अक्षर नाही, खुर्चीबद्दल नाही. संबंधित कर्मचारी कोण ते मी सांगितलंच नव्हतं, तरी तो सापडला आणि त्याला समजही मिळाली. पोर्टल पुढं विचारत होतं, आपण समाधानी आहात का? मी नाही म्हणून पुन्हा लिहिलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

2025 च्या जुलैमध्ये साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. आता तिथं माणसं आणखी येतील, यायलाच हवीत. कोपऱ्याकोपऱ्यावर गणवेश उभे राहतील. ज्या राजाचे हे गड, त्यानं 1676 मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पत्र लिहून बजावलं होतं की रयतेच्या भाजीच्या देठालाही मन लावू नका. कारभाऱ्याच्या वागण्याकडं इतक्या बारकाईनं बघणाऱ्या माणसाच्या गडावर, रोपवेनं कशीबशी वर आलेल्या म्हातारीवर कुणी खेकसलं, तर तिथं किती नवे फलक आणि दिवे लावले हे मला मोजायचं नाही. गडांची राखण आपल्याच अंगावर घेतलेली काही मंडळी वाटेत पोरांना अडवून दमदाटी करतात, तेही त्यातलंच. गडावर दारू पिणाऱ्याला पोलिसांच्या ताब्यात द्या, जरूर द्या. पण निमूट बसलेल्या दोघांना उठवून त्यांची नावं-गावं विचारायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

पावसाळा संपल्यावर त्या लेण्यात परत गेले. तिकीट खिडकीवर तीच माणसं, तीच पाटी. टपरीवाला म्हणाला, "तो पोरगा आता नाही. एजन्सी बदलली, जुने सगळे काढले. एमआयडीसीत लागलाय म्हणे." हारितीच्या दालनाशी एक नवा मुलगा उभा होता, गणवेश अजून कडक इस्त्रीचा. मी विचारलं, "ही मूर्ती कुणाची?"

"मला इथं आठवडाच झालाय मॅडम," तो म्हणाला. "सुपरवायझरनं एवढंच सांगितलंय, कुणाला हात लावू द्यायचा नाही."